पाच दिवसांची माती

क्रिकेट संघटनेचा सचिव बूट घालून खेळपट्टीवर उभा होता. अगदी मधोमध. आणि बोलता बोलता टाचेवर गिरकीही घेत होता.

"काका, किती दिवस चालेल ही?"

"पाच."

"तेच तर नकोय."

सामना चार दिवसांवर आला होता. काकांची नजर सचिवाच्या तोंडावर नव्हती, बुटांवर होती. या मैदानावर एक रीत होती. कुठं लिहून ठेवलेली नव्हती, पण होती. सामन्याबाहेर खेळपट्टीवर कुणी पाय ठेवायचा नाही. पलीकडे जायचं असेल तर वळसा घालून जायचं. मग तो कर्णधार असो नाहीतर झाडूवाला. काका एकतीस वर्षं इथली माती सांभाळत होते आणि एकतीस वर्षं त्यांनी ही रीत पाळायला लावली होती. एकदा फीत कापायला आलेल्या एका बड्या माणसाला त्यांनी दंडाला धरून बाजूला काढलं होतं. त्या वेळचा सचिव पोट धरून हसला होता. हा हसणाऱ्यांतला नव्हता.

त्याचं म्हणणं सरळ होतं. समोरच्यांकडे चार वेगवान गोलंदाज, आपल्याकडे दोन फिरकीवाले. तेव्हा गवत काढून टाकायचं. दोन्ही टोकांना, जिथं चेंडू नेहमी टप्पा घेतो, तिथं तर मुळासकट खरवडायचं. आजपासून पाणी बंद. तीन दिवसांत निकाल लागला की मालिका आपली. क्रिकेटमधलं त्याला एवढंच कळत होतं, आणि एवढं कळणाऱ्याच्या हातात मैदानाच्या किल्ल्या होत्या.

काकांनी सांगून पाहिलं.

"साहेब, पहिल्या सकाळी गोलंदाजाला थोडी ओल मिळाली पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जो चिकाटीनं उभा राहील त्याला धावा मिळाल्या पाहिजेत. चौथ्या दिवशी भेगा रुंदावतात, पाचव्या दिवशी चेंडू वळतो. प्रत्येकाची पाळी येते. कुणाची आधी, कुणाची नंतर. ही तशी झालीय. आत्ता हात लावलात तर नासेल."

सचिवानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जावई काय म्हणतोय? रमला का आमच्या ऑफिसात?"

एवढंच. धमकी द्यायला आवाज चढवावा लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी सचिव नावाचा प्राणी पाहिलेला नाही. जावई दोन वर्षं घरी बसून होता. संघटनेच्या तिकीट खात्यात त्याला यानंच चिकटवला होता. लेकीला आता दुसरं होणार होतं.

"करतो," काका म्हणाले.

रोलर चालवणारा त्यांचा जोडीदार म्हणाला, काका, डोकं दुखतंय म्हणून सांगा आणि घरी जा, मी उरकतो. काकांनी मान हलवली. माझ्या हातची आहे, माझ्या हातानंच जाऊ दे, म्हणाले. तारेचा ब्रश घेऊन ते गुडघ्यांवर बसले. गवत म्हणजे नुसती हिरवळ नव्हे. त्याची मुळं मातीला आतून धरून असतात, शिवण कापडाला धरून असते तशी. काका दुपारभर ती शिवण उसवत होते. एरवी रोलरच्या आवाजावर आवाज काढून गप्पा मारणारा जोडीदार मागून खरवडलेलं गवत पोत्यात भरत राहिला.

त्या संध्याकाळी काकांनी सवयीनं चिमूटभर माती मळून तिची गोळी केली आणि घरी नेली. ही त्यांची जुनी पद्धत. गोळी उन्हात वाळवायची, मग तिच्यावर टाच ठेवून सगळा भार टाकायचा. अख्खी राहिली तर माती बांधून आहे, चुरा झाला तर नाही. प्रत्येक कसोटीची एक टिकलेली गोळी त्यांच्या खिडकीत होती, खाली कागदावर साल लिहून. बायको होती तोवर म्हणायची, "लोकांच्या घरात कप असतात, माझ्या घरात ढेकळं." म्हणायची आणि रोज एकेक उचलून खालचं पुसायची. मैदानावरची माणसं पाठीमागं काकांना ढेकूळच म्हणत. काकांना ते माहीत होतं. याहून वाईट नावं ठेवलेली माणसं त्यांनी त्याच मैदानावर हार घालून घेताना पाहिली होती.

नवी गोळी त्यांनी वाळवलीच नाही. काय होणार ते हाताला कळलं होतं.

सामन्याला दोन दिवस राहिले. सकाळी सहाला काका एकटेच मैदानावर आले. आच्छादन बाजूला सारून, स्टँडवरचं मोठं घड्याळ ज्या बाजूला होतं त्या घड्याळाकडच्या टोकाला वाकले, अंगठा टेकवला. माती टाच फुटावी तशी फुटली होती. अंगठ्याखाली तिची पूड झाली. काका उठले, शेडमधून झारी आणली आणि त्या एकाच टोकाला, टप्प्याच्या जागेवर, हलक्या हातानं पाणी दिलं. वर ओलं गोणपाट टाकलं. ऊन चढायच्या आत गोणपाट काढून हातरोलर फिरवला. एक टोक तरी टिकेल, असा त्यांचा हिशोब. जोडीदार आला तेव्हा वरची माती सुकून गेली होती. काकांनी त्यालाही सांगितलं नाही. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना जरा बरं वाटत होतं.

पहिल्या दिवशी पाहुणा संघ शेवटच्या षटकात गुंडाळला. धुळीचे लोट उठत होते. लोक खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी आपला डावखुरा सलामीवीर पॅड बांधून मैदानाच्या कडेला आला. चौतीस वर्षांचा. तीन वर्षं बाहेर बसून परत आलेला, आणि या वेळी जमलं नाही तर पुन्हा कुणी बोलावणार नाही हे पोरासोरांनाही ठाऊक. त्याची एक सवय होती. खेळपट्टीबद्दल तो कर्णधाराला विचारायचा नाही, प्रशिक्षकालाही नाही. काकांना विचारायचा. पंधरा वर्षांपूर्वी पहिल्या सामन्याला विचारलं होतं, तेव्हापासून.

"काका, कशी आहे?"

काकांना खरं म्हणजे सांगायचं होतं की मेली आहे. ते म्हणाले, "पलीकडच्या टोकाला जपून. खाली राहील, फिरेल. घड्याळाकडे उभा असशील तेव्हा मात्र बिनधास्त पुढं येऊन खेळ. तिथं काही व्हायचं नाही."

"नक्की?"

"मी सांगतोय ना."

डावखुरा हसला. "मग झालंच," म्हणाला आणि गेला.

पलीकडच्या टोकाला तो जपून खेळला. सातव्या षटकात घड्याळाकडे आला. पहिलाच चेंडू चांगल्या टप्प्याचा. त्यानं सांगितल्याप्रमाणे लांब पाय टाकला, मान खाली, बॅट सरळ. शिकवणीत दाखवावा असा फटका. चेंडू टप्पा पडल्यावर गुडघ्याएवढा यायला हवा होता. तो खडकावर आपटल्यासारखा उसळला आणि हातावर आदळला. काका सीमारेषेच्या बाहेर स्टुलावर बसले होते. इतक्या लांबूनही आवाज आला, वाळकी काटकी मोडल्याचा.

डावखुऱ्यानं बॅट टाकली नाही. दुसऱ्या हातानं काखेत धरली आणि चालत बाहेर आला. जाताना त्यानं एकदा काकांकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता गोंधळलेला होता.

सामना तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर आपण जिंकला. लोक नाचले. सचिव दोन्ही हात वर करून मैदानभर फिरला, आणि खेळपट्टीवरूनच फिरला.

गर्दी पांगल्यावर काकांनी खिशातला चाकू काढला आणि घड्याळाकडच्या टोकाला, चेंडू उसळला होता तिथला एक तुकडा कापून वर काढला. हातावर घेऊन मोडला. वर बोटभर जाडीची कडक खपली. खाली माती अजून ओली, काळी, मऊ. खपलीच्या कडेवर चेंडू पडला की दुसरी कड वर उचलली जाणार आणि चेंडू फेकणार. शेंबड्या शिकाऊ पोरालाही कळावं असं होतं हे. पाणी दिलंच नसतं तर दोन्ही टोकं सारखीच वाळली असती. चेंडू खाली राहिला असता, वळला असता, खेळ घाणेरडा झाला असता. पण कुणाचा हात मोडला नसता.

सचिवानं खेळपट्टी मारली होती. पण डावखुऱ्याचा हात त्याच्या बुटांनी मोडला नव्हता. काकांच्या झारीनं मोडला होता.

चौथ्या दिवशी सकाळी जावई शेडमध्ये आला. हातात टाइप केलेला कागद. सामनाधिकाऱ्यानं खेळपट्टी धोकादायक म्हणून अहवाल दिला होता आणि मैदानावर बंदी यायची वेळ आली होती. कुणीतरी मान पुढे करायला हवी होती. कागदावर लिहिलं होतं की वयोमानामुळे मैदानाच्या माळ्याकडून खेळपट्टीला पाणी द्यायचं राहून गेलं, अंदाज चुकला, संघटनेचा यात काही संबंध नाही.

"बाबा, सही केलीत की मिटलं," जावई म्हणाला. तो काकांकडे बघत नव्हता, भिंतीला टेकवलेल्या फावड्यांकडे बघत होता. "साहेब म्हणाले, निवृत्तीला चारच महिने आहेत, शांतपणे काढा."

काकांनी चष्मा लावून कागद वाचला. दोनदा वाचला.

"हे खोटं आहे, जावईबापू."

"मला माहितीय. सगळ्यांना माहितीय. पण—"

"तुम्हाला नाही माहीत. पाणी राहून गेलं नाही. मी दिलं. चोरून दिलं. म्हणून त्याचा हात गेला."

जावई पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळला. "अहो बाबा, हे तर यांच्या पत्रापेक्षा वाईट. सगळं तुमच्यावरच येईल. ही सही केलीत तर लोक निदान म्हातारा विसरला म्हणतील."

"मी विसरत नाही."

काकांनी कागद उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं. गवत मी काढलं. घड्याळाकडच्या टोकाला पाणी मी दिलं. द्यायला नको होतं. त्यामुळे खेळाडूला इजा झाली. पुढं लिहायचं होतं, गवत कुणाच्या सांगण्यावरून काढलं. पेन तिथं थांबलं. जावई तसाच उभा होता, शर्टाची कॉलर आतून विरलेली. लेक कालच फोनवर म्हणाली होती, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. काकांनी तिथं टिंब दिलं आणि सही केली.

याला कुणी मोठेपणा म्हणू नये. काका स्वतःही म्हणाले नसते. निम्मं खरं लिहिता आलं, ते लिहिलं. निम्मं गिळलं.

सचिवाला तर हर्ष झाला. मागितलं होतं त्याहून चांगलं हातात आलं होतं. संध्याकाळपर्यंत बातमी पसरली, माळ्यानं सूचना धुडकावून पाणी मारलं. जोडीदारानं घरी येऊन सांगितलं, सोमवारपासून तुम्हाला यायचं नाही, आणि सोमवारीच खेळपट्टी उकरणार आहेत. सांगताना त्याला बसवेना. खिडकीतल्या ढेकळांकडे बघत उभ्या उभ्याच पाणी प्यायला आणि गेला.

पाचव्या दिवशी सकाळी सहाला काका मैदानावर होते. आच्छादन ओढलं. केरसुणीनं भेगांतली धूळ झाडली. बादलीत चुना कालवला, दोरी ताणली आणि क्रीजची रेघ मारायला बसले. स्टँड रिकामे. परवाच्या जल्लोषाचे कागद खुर्च्यांखाली पडलेले.

साडेआठच्या सुमाराला ड्रेसिंग रूमकडून डावखुरा आला. हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, खांद्यावर बॅटींची पिशवी. राहिलेलं सामान न्यायला आला असावा. थांबला.

"काका, आज कुठली मॅच?"

"हीच. पाचवा दिवस आहे."

डावखुरा हसला नाही. काकांनी ब्रश बादलीत ठेवला, पण उठले नाहीत.

"पेपरात आलंय ते खरं आहे. पाणी मी दिलं होतं. तुला सांगितलं त्याच टोकाला."

"वाचलं मी." त्यानं घड्याळाकडच्या टोकाकडे पाहिलं. "का दिलंत?"

"बघवेना."

डावखुऱ्यानं मान खाली घातली. प्लास्टरच्या टोकातून बाहेर आलेली बोटं सुजून निळी झाली होती.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"सहा महिने."

"आणि मग?"

"मग पस्तीस," तो म्हणाला.

डावखुऱ्यानं पिशवी खांद्यावर सावरली. बाहेरचं फाटक त्याच्या अगदी समोर होतं, खेळपट्टीच्या पलीकडे. सरळ गेला असता तर खेळपट्टी ओलांडायला चार पावलं. परवा तिच्यावरून सगळं गाव चालून गेलं होतं, आणि सोमवारी तिथं नांगरट व्हायची होती. तो कडेपर्यंत आला, बुटांकडे पाहिलं आणि थांबला. मग वळला आणि घड्याळाकडच्या टोकाला, यष्टींच्या जागेच्याही मागून, लांबचा वळसा घालून फाटकाकडे गेला.

काका तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मग दोरी उचलली. पलीकडच्या टोकाची रेघ अजून मारायची होती.