दलालाचा शब्द

भिकन बुऱ्हाणपूरच्या सूत बाजारात दलाल होता. सूत विकणारे व्यापारी एकीकडं, यंत्रमागवाले दुसरीकडं आणि भाव जुळवायला मध्ये भिकन. भाव जुळला की पेढीवर चहा यायचा आणि चहा पोटात गेला की सौदा पक्का. मग दुपारून सुताचा भाव चढो नाहीतर आपटो, माघार नाही. कागद नाही, सही नाही. ह्या बिनकागदाच्या धंद्यावर त्याचं घर उभं होतं.

अशा माणसानं क्रेडिट कार्डाच्या कंपनीशी बोलणी करायला जावं का? पण गेला शहाणा.

त्याच्या आईच्या, मथुराबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला ते कार्ड वापरलं होतं. दर महिन्याला कंपनी कमीत कमी भरा म्हणेल तेवढंच ही मंडळी भरत गेली, आणि व्याजानं रक्कम फुगत गेली. शेवटी कंपनीचा एक माणूस फोनवर आवाजात मध घोळवून म्हणाला, "भैया, साठ हजार एकसाथ भर दो, खाता बंद. मेरी ज़बान है."

जबान म्हटल्यावर भिकन विरघळलाच. त्याच्या बायकोनं, वैजयंतीनं, हातातल्या पाटल्या काढून दिल्या, साठ हजार भरले, आणि त्या संध्याकाळी घरात शिरा झाला.

दिवाळी सरली आणि दुसऱ्याच माणसाचा फोन आला, तो वैजयंतीनं उचलला. एक लाख दहा हजार बाकी! "सेटलमेंट? सिस्टम में ऐसा कुछ नहीं है, मैडम. वो तो पार्ट पेमेंट था." आधीच्याचा नंबर बंद. आणि हे कमी पडलं म्हणून की काय, त्या निर्लज्जांनी वैजयंती नोकरीला होती त्या शाळेत फोन लावला. मुख्याध्यापिकेनं तिला आत बोलावून, दार लोटून, हळू आवाजात विचारलं, "काही अडचण आहे का घरी?" तेव्हापासून वैजयंतीच्या अंगाची आग आग होत होती. पाटल्या गेल्या ते एक वेळ सोसलं असतं, पण चारचौघांत चव गेली, ती कुणी परत द्यायची?

रविवारी वसुलीचा पोरगा दारातच उभा राहिला. निलेश नाव, नेपानगरचा. भिकननं त्याला खुर्ची दिली, पंखा लावला.

"काका, तुम्ही घरचे माणसं. चाळीस हजारात मिटवून टाकतो. शब्द देतो ना मी."

भिकनचा चेहरा उजळला. "वैजू, चहा ठेव."

वैजयंतीला कळलं. हा बाबा आता त्याला चहा पाजून बांधून घेणार! ती स्वयंपाकघरातून बाहेर आली ती हात हलवतच.

"चहा-बिहा काही भेटणार नाही! आधीच्यानंबी शब्दच दिला होता. माझ्या पाटल्या गिळल्या त्यानं. लाव तुझ्या साहेबाले फोन. स्पीकरवर लाव, गल्लीलेबी ऐकू जाऊ दे."

निलेशनं चुळबुळत फोन लावला. साहेब म्हणाला, "मैडम, लेटर पेमेंट के बाद आता है."

"तो पेमेंट भी लेटर के बाद आएगा," वैजयंती कडाडली. "शाळेत केलेला तुमचा फोन तिथं रेकॉर्ड झाला आहे. उद्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जातो तो. साठ हजार धरून हिशेब करा, बाकी किती घेऊन खातं बंद करणार ते कंपनीच्या कागदावर लिहा. कागद येईपर्यंत एक रुपया नाही, आणि ह्या दारात माणूस नाही."

पलीकडं कुजबुज झाली. साहेब अचानक 'मैडमजी' म्हणायला लागला.

भिकन मध्येच पुटपुटला, "अगं, पोरगा शब्द देऊन राहिला..."

"तुम्ही तर बोलूच नका!" ती त्याच्यावर उलटली, त्या परक्या पोरासमोर. "शब्द, शब्द! काय किंमत आहे तुमच्या शब्दाले? ह्यापुढं लिहून घेतल्याबिगर कोणाचं ऐकायचं नाही. सख्ख्या भावाचंबी नाही!"

भिकननं मान खाली घातली. निलेश कोरड्या घशानंच गेला.

त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. पंचवीस हजार, पूर्ण व अंतिम. वैजयंतीनं ओळ न् ओळ वाचली, शाळेतल्या भिशीची आपली पाळी आधी मागून घेतली, पैसे भरले आणि बाकी शून्य असल्याचा दाखला आल्यावरच हुश्श केलं. जिंकली होती ती, आणि तिला ते मनापासून आवडलं होतं.

मग एका दुपारी भिकन लवकर घरी आला. पायरीवरच बसला.

"काय झालं हो?"

"काही नाही. लोटूशेठचा सौदा होता. मोठा होता." तो वहाणांकडं बघत राहिला. "भाव ठरला, तर मी म्हटलं, शेठ, लिहून द्या."

"मग?"

"दिलं ना लिहून. निघालो तर म्हणे, भिकन, एवढा हिशेब करून घे. पुढच्या मालाले मी दुसरा दलाल पाहून राहिलो."

वैजयंती त्याच्याशेजारी पायरीवर बसली. कंपनीला परत फोन लावावा, त्या साहेबाला आईबापावरून शिव्या घालाव्यात असं तिला वाटलं. पण फोन लावून मागायचं काय? खातं बंद झालं होतं. कागदावर बाकी शून्य होती, आणि भिकनला लिहून घ्यायला तिनंच सांगितलं होतं.