फागूजींचा सातवा हात

मनिराम वस्ताद आयुष्यात एकदाच खोटं बोलला, पण ते खोटं त्याला चाळीस वर्षं पुरलं.

दिवसभर आमगावच्या राइस मिलमध्ये पोती वाहायची आणि संध्याकाळी पोरांना लाठी शिकवायची, हा त्याचा नेम. विद्या सगळी केशोरीच्या फागूजी वस्तादांची. ते सांगत, "आपले हात सात. सातवा शेवटी भेटते." हात म्हणजे पवित्र्यापासून फटक्यापर्यंतचा एक अख्खा डाव. मनिरामला सहा हात मिळाले आणि फागूजी तापानं गेले. पुढं त्यानं आखाडा काढला, तर पोरं विचारू लागली, सातवा कुठं आहे? आता काय सांगणार बिचारा! त्यानं स्वतःच्या मनानं एक हात बसवला आणि फागूजींच्या नावावर खपवला.

खपलाही असता कायमचा. पण यंदा दामिनीची गोंदियाच्या पारंपरिक खेळांच्या मेळ्यासाठी निवड झाली. ही एकोणीस वर्षांची पोरगी त्याच्या आखाड्यातली सगळ्यात तयार. मेळ्याच्या फॉर्मवर खाली लिहिलं होतं : दाखवायचा प्रत्येक हात गुरूकडूनच मिळालेला आहे, असं वस्तादानं सहीनिशी लिहून द्यावं. मुदत सोमवारची.

मनिरामनं पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. सही नाही केली तर पोरगी घरी बसणार, केली तर मेलेल्या गुरूच्या नावानं कागदावर खोटं. पोरांपुढं बोलणं वेगळं आणि सही ठोकणं वेगळं.

"उद्या केशोरीले चाल माह्यासंग," तो दामिनीला म्हणाला.

केशोरीला त्याचा गुरुभाऊ होता, चंद्रकुमार. फागूजींचा जावईच. सातवा हात जावयाला दिला नाही तर कोणाला देणार? या एका विचारानं मनिराम चाळीस वर्षं आतल्या आत जळत राहिला होता. चंद्रकुमारच्या पोरांच्या लग्नांची बोलावणी आली, तरी हा गेला नाही. आता मात्र नाक मुठीत धरून जायचं होतं.

गोंदियाला गाडी बदलल्यावर त्यानं दामिनीला सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे सातवा म्हणून मी तुमच्यावालाच हात घोटून राहिली?"

"होय."

अर्जुनी येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली. उतरताना म्हणाली, "मले तोच सगळ्यात जास्त आवडते." मनिरामला बरं वाटलं आणि जास्तच लाज वाटली.

तिथून एस.टी.नं केशोरी. चंद्रकुमार अंगणात दोर वळत बसला होता. मनिरामला पाहून दोर त्याच्या हातातून सुटला.

"काऊन आला गा इतक्या वर्षानं?"

मनिरामनं उभ्या उभ्याच सांगितलं, "वस्तादानं तुले सातवा हात देला, तो या पोरीले दाखव. मले नको दाखवू पाहिजे तर."

चंद्रकुमार त्याच्याकडं बघतच राहिला. "थट्टा करून राहिला का? सातवा तर तुले भेटला! लाडका तू होता. म्हनून तोऱ्यात येत नाही, असंच वाटे मले. माहा सातवा मीच बसवला गा, घरच्या घरी."

दोघे म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे. पाण्याचा गडवा घेऊन आलेली देवकाबाई, म्हणजे फागूजींची लेक आणि चंद्रकुमारची बायको, पदर तोंडाला लावून हसायलाच लागली.

"बाबाले सहाच हात येत होते," ती म्हणाली. "म्हनत, देवका, सहाच हायत असं सांगतलं तर सहा शिकून हे पोट्टे पळतीन. सात सांगून ठेवतो."

"अवं, मंग इतक्या वर्षांत बोलली काऊन नाही?" चंद्रकुमार ओरडला.

"मले इचारलं कोनी?"

मनिराम खाटेवर बसला. आधी त्याला हसू आलं, मग हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी. जे गुरूकडं कधी नव्हतंच, त्याच्यापायी त्यानं एवढा जीवाभावाचा माणूस टाकला होता. चंद्रकुमार त्याच्याजवळ येऊन खाटेवर टेकला.

थोड्या वेळानं दामिनीनं पिशवीतून फॉर्म काढला. "वस्ताद, करा सही."

"आता कशी करू वं? आयकलं ना तू?"

"आयकलं ना. सहा तुमाले तुमच्या गुरूनं देले. माहे गुरू कोन? तुमीच ना? मंग मले तर सातही गुरूनंच देले."

मनिरामनं कागद पुन्हा वाचला, हळूहळू, ओळीखाली बोट फिरवत. मग सही केली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला त्या हाताची लाज वाटली नाही.

"अन् माह्यावाला?" चंद्रकुमार उठून उभा राहिला. "त्याचं काय?"

कोपऱ्यातली लाठी त्यानं आणली आणि या वयातही कमरेतून असा काही फिरला, की दामिनी पायांतल्या चपला काढून त्याच्यामागं उभी राहिली. दिवस कलेपर्यंत तिनं तो हात घोटून बसवला. चुकलं की दोघे म्हातारे दोन्हीकडून एकदमच ओरडत.

घामाघूम होऊन ती पायरीवर बसली. "आता फारमावर एकूण किती हात लिहू?"

"आठ," दोघेही म्हणाले.

देवकाबाई चहाचे कप गोळा करत होती. दामिनीजवळ आल्यावर ती थांबली.

"फारमावर आठच लिव, पोरी. पन उद्या तू आपल्या पोरायले शिकवशीन ना, तवा नऊ सांगजो."