तुलनेच्या बायका

प्रेमाकाकूच्या घरात तंबाखूचं नाव काढायची सोय नव्हती. नवऱ्याची पुडी तिने लग्नाच्या वर्षीच गटारात फेकली होती. स्वतः सकाळ-संध्याकाळ मशेरी लावायची, पण ते दात घासणं. तंबाखू तव्यावर काळीठिक्कर भाजली की तिच्यातलं वाईट जळून जातं, असा दहिसरच्या त्या अख्ख्या चाळीचा ठाम समज.

म्हणून कॉलेजातून तपासणीला आलेल्या गार्गीने फॉर्म भरताना "तंबाखू?" विचारलं, तेव्हा काकू फणकारली, "आम्ही काय तसल्या वाटलो गं तुला?"

गार्गी गालाच्या आतून ब्रश फिरवून पेशी घ्यायची. विषारी रसायनाने पेशीतला डीएनए तुटतो. ते तुकडे मायक्रोस्कोपखाली मोजायचे. मधुकरशेठच्या कारखान्यात नळांना क्रोमचा मुलामा देणारे, व्यसन नसलेले सहा जण एका बाजूला. त्यांत काकूचा नितेश. तुलनेला रसायनाशी संबंध नसलेली सहा माणसं हवी होती, ती काकूने पुरवली: स्वतः आणि चाळीतल्या पाच जणी. गजरे माळून आल्या होत्या.

नितेशच्या नाकातून रोज रक्त यायचं. वाफ ओढणारा पंखा बसवा म्हटलं की शेठ म्हणायचा, "पुरावा दाखवा."

पुरावा आला. बायकांच्या गालात तुकडे कामगारांच्या दुप्पट!

"बघा," शेठ खूश. "कारखान्यापेक्षा तुमची चाळच घातक. पंखा तिकडे लावा."

रडवेली गार्गी काकूकडे आली. "सकाळी तोंडात काय काय जातं, सांगा ना."

काकूने कौतुकाने डबी पुढे केली. "ही. लाव थोडी, दात बघ तुझे कसे पिवळे."

गार्गीने वास घेतला. "काकू, ही तंबाखूच आहे. भाजल्याने काही जात नाही."

काकूने डबी झटकन पदराखाली घेतली. सांगावं तर चाळभर हसं, न सांगावं तर पोराचं नाक.

दुसऱ्या दिवशी त्या पाच जणींना कारखान्यात नेऊन सगळ्यांसमोर ती म्हणाली, "लिही गं. प्रेमा, तंबाखू, चाळीस वर्षं, दिवसातून दोनदा. या पाचही तशाच. आमचे गाल रद्द."

"आमचं कशाला सांगतेस?" त्यांतली शकु ओरडली.

"तुझी डबी माझ्याहून मोठी. गप." मग काकू वळली. "शेठ, आता चांगले गाल पाहिजेत. तुमची बायको द्या."

"मृणालिनीला यात कशाला ओढता?"

"का? त्या कुठे आमच्या घातक चाळीत राहतात?"

त्या दिवशी सहज ऑफिसात आलेली मृणालिनी स्वतःच उठून आली आणि तिने तोंड उघडलं. सोसायटीतल्या पाच मैत्रिणींनाही घेऊन आली.

या खेपेला कामगारांचे तुकडे तिप्पट निघाले. गार्गी आकडे वाचत असतानाच शेठने मोबाईल कानाला लावला. "अर्जंट आहे," म्हणत दाराकडे निघाला.

दारात काकू स्टूल टाकून बसली होती. "बसा. पंखेवाल्याला लावा फोन. आणि स्पीकरवर ठेवा, आम्हालाही ऐकू दे."