मैदानापुरतं नाव

सप्टेंबर १९९५. बारामतीतल्या एका कॉलेजच्या मागच्या मैदानावर पद्मा वाळिंबे शिट्टी हातात धरून उभ्या होत्या आणि आदल्या दिवशी इंदापूरच्या संघाशी हरलेला सामना मनात पुन्हा खेळून पाहत होत्या. मुली दमल्या नव्हत्या. डावपेचही चुकले नव्हते. शेवटच्या मिनिटाला बास्केटखाली नकोशी एकटी, मोकळी उभी होती आणि चेंडू योगिनीच्या हातात होता. तरी योगिनीने पास दिला नाही. हे का झालं, ते कळल्याशिवाय त्यांना पुढचा सराव सुरू करायचा नव्हता.

"योगिनी, ती मोकळी होती. दिसली नाही का तुला?"

"दिसली ना मॅडम. मी देणारच होते. पण प्रतिक्षा मागून ओरडली, नको! नको! मला वाटलं, मधे कुणीतरी आलंय."

"अगं, मी तिचं नाव सांगत होते तुला!" प्रतिक्षा म्हणाली. "नकोशी असं सगळं म्हणायला वेळ असतो का तिथं? आम्ही सगळ्या नकोच म्हणतो तिला."

सगळ्या हसल्या. सर्वांत मोठ्याने नकोशीच हसली. "मग पास द्यायचा आसंल तवा पायजे म्हणून वरडत जावा," ती म्हणाली आणि पुन्हा हशा झाला.

पद्माबाई हसल्या नाहीत. त्यांना चूक सापडली होती आणि ती दुरुस्त होण्यासारखी होती. "हाकेचं नाव वेगळं ठेवू. छोटं, लांबून नीट ऐकू येईल असं. तूच सांग, कोणतं ठेवायचं?"

नकोशी पायातल्या बुटाने मुरूम उकरत राहिली. "माझ्या आत्यानं बारशाला सुमन ठरवलं हुतं म्हणं. पण आबांनी मोडता घातला."

"मग सुमी. आजपासून मैदानावर तू सुमी."

"मैदानापुरतंच ना मॅडम? घरी कळाया नको."

"मैदानापुरतंच," पद्माबाई म्हणाल्या आणि त्यांनी शिट्टी वाजवली. घरी का कळायला नको, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.

आठ वर्षांपूर्वी त्या या कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून आल्या, तेव्हा इथे मुलींचा संघच नव्हता. ऊस वाहायच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमधून त्यांनी बास्केटबॉलची लोखंडी कडी करून घेतली होती. पहिली दोन वर्षं मुली पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून खेळल्या. मग विभागात तिसरा क्रमांक आला, मग दुसरा. प्राचार्यांच्या खोलीत ढाली वाढत गेल्या आणि पाहुण्यांना त्या कौतुकाने दाखवल्या जाऊ लागल्या. पाहुण्यांना जे दिसत नव्हतं ते पद्माबाईंना दिसत होतं. एका वर्षीचा संघ पुढच्या वर्षी कधीच उरत नसे. तुळशीचं लग्न झालं की मुलींची लग्नं सुरू होत. सरावाला एक मुलगी कमी दिसली, की बाकीच्या खाली बघत आणि पद्माबाई समजून जात.

या वर्षी त्यांची सगळी आशा नकोशीवर होती. ती उंच होती, उडीत हलकी होती, आणि चेंडू कड्याला लागून कुठे उडणार हे तिला आधीच कळे. ती कोऱ्हाळे बुद्रुकच्या टकल्यांची मुलगी. तिचे आजोबा, म्हस्कूआबा, तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणात उतरत. आता मेंढरं नव्हती. थोडा ऊस होता आणि वडील, दादासो, सोमेश्वरनगरला कारखान्याचा ट्रॅक्टर चालवत. घरात आधी दोन मुली झाल्या. तिसरीही मुलगीच झाली, तेव्हा आता मुली पुरे हे देवाला कळावं म्हणून आबांनी तिचं नाव नकोशी ठेवलं. त्या भागात ही रीतच होती. आणि नकोशीच्या पाठीवर खरंच मुलगा झाला, शंभूराज. त्या दिवसापासून टकल्यांच्या घरात ते नाव म्हणजे देवाशी झालेला करार होता. मुलगा त्या नावाच्या बदल्यात मिळाला होता.

ऑक्टोबरमध्ये पद्माबाईंच्या संघाने विभागाचं विजेतेपद पहिल्यांदा जिंकलं. अंतिम सामन्यात "सुमी! सुमी!" अशी हाक मैदानभर घुमत होती आणि चेंडू दर वेळी तिच्या हातात पोचत होता. सामना संपल्यावर एका वार्ताहराने सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या मुलीचं नाव विचारलं. पद्माबाईंच्या ओठांवर नकोशी हे नाव आलं होतं. हे नाव छापून यायचं? इतक्या लोकांनी वाचायचं? "सुमन लिहा," त्या म्हणाल्या. "सुमन दादासो टकले." आपण एका मुलीच्या कपाळावरचा डाग पुसतो आहोत, असंच त्यांना वाटलं.

दादासोंनी कारखान्याच्या कॅन्टीनमधून ते वर्तमानपत्र मागून आणलं. कौसल्याने, नकोशीच्या आईने, पिठाचा हात पदराला पुसला आणि फोटोवर बोट ठेवलं. "ही बघा आपली पोरगी. कशी हसतीया."

"खाली काय लिवलंय?" आबांनी विचारलं.

शंभूराजने वाचून दाखवलं. आबांचा चहा हातातच राहिला.

"सुमन कोण?"

शंभूराजने पेपराची घडी घातली.

"नकोशे, सुमन कोण ग?"

"मैदानावरचं नाव हाय आबा. हाक माराया सोपं जातं म्हणून."

"हाक माराया व्हय! आन पेपरात? देवाला वाचाया येत न्हाय असं वाटतं का तुझ्या बाईला?" आबांनी कप खाली ठेवला. "दादासो, ह्यातनं काय बरं व्हायाचं न्हाय. सांगून ठेवतो."

नोव्हेंबरमध्ये कारखान्याचा हंगाम सुरू झाला. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या जाऊ लागल्या, की गावातली पोरं मागून लोंबकळून ऊस उपसत. दर वर्षी कुणीतरी पडे. त्या वर्षी शंभूराज पडला. त्याच्या मांडीचं हाड मोडलं. बारामतीच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं गेलं; डॉक्टर म्हणाले, पोरगा चालेल, काळजी करू नका. पण टकल्यांच्या घराला कारण डॉक्टरांकडून नको होतं. त्यांच्याकडे ते आधीच होतं. पेपरात नाव बदललं आणि मग पोरगं पडलं. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टी एकमेकींना बांधायला माणसाला दोरी लागत नाही, भीती पुरते.

नकोशीचं कॉलेज बंद झालं.

त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या संघासाठी निवड शिबिर जाहीर झालं. या कॉलेजातून एकच नाव होतं, नकोशीचं, आणि पद्माबाईंनी ते सुमन असं कळवलं होतं. पद्माबाई एसटीने कोऱ्हाळ्याला गेल्या. कौसल्याने पाणी दिलं, सतरंजी टाकली. नकोशी चुलीपाशी होती. तिने मान वर केली आणि आईकडे बघून पुन्हा खाली घातली.

"आबा, पुण्याला पंधरा दिवसांचं शिबिर आहे. निवड झाली तर ही विद्यापीठाकडून खेळेल. आमच्या कॉलेजातून आजवर कुणी गेलेलं नाही."

"बाई, तुमी शिकल्यालं मानूस. पानी प्या. पर ती येनार न्हाय."

"शंभूराज पडला म्हणून? आबा, तो ट्रॉलीवरून पडला. नावावरून नाही."

"ट्रॉलीवर रोज चढत हुता. पेपरात नाव आल्यावरच कसा पडला?"

पद्माबाई बोलण्याची तयारी करून आल्या होत्या. "तुमच्याच आळीत गेणबांच्या घरीही एक नकोशी आहे. तिच्यानंतर त्यांना परत दोन मुलीच झाल्या. मग नावानं काय झालं?"

"त्यांनी मनापास्नं न्हाय ठिवलं," आबा शांतपणे म्हणाले.

जो नियम खरा ठरला की पुरावा होतो आणि खोटा ठरला की माणसाचा दोष होतो, त्याला हरवायचा डाव पद्माबाईंना माहीत नव्हता. त्या दादासोंकडे वळल्या. "दादासो, तुम्ही तिचा खेळ एकदा तरी पाहिलाय का?"

"पायलाय," दादासो खाली बघत म्हणाले. "इंदापूरला ट्रॅक्टर घेऊन गेलतो. कुंपनाबाहेरनं पायला. लई भारी खेळती." आबा खाकरले, तसे दादासो म्हणाले, "पर बाई, माझं पोरगं एकच हाय."

"ही पण तुमचंच पोरगं आहे."

चुलीपाशी भांडं वाजलं. नकोशी उठून उभी राहिली होती. "दादा, मला जायाचंय," ती वडिलांना म्हणाली. आवाज लहान होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "शंभूला चार दिस मीच जेवू घातलं दवाखान्यात. माझ्यामुळं पडला आसंल तर त्यानंच सांगावं की."

प्लास्टरमधला शंभूराज बाजेवरून म्हणाला, "तायडे, मी ऊस वढताना हात सुटला माझा. तुझं काय न्हाय त्यात."

"गप बस!" आबा कडाडले. "तुला काय कळतंय? तुमच्या दोघांच्या तोंडाला लागून ह्या घराचा दिवा इजवू काय मी?" त्यांनी काठी टेकली. "ठरलंय. लोणी देवकरला पोरगं बघितलंय. तुळशी झाल्यात. ती आपल्या घरी गेली की ह्या घरावरचं सगळं फिटंल."

पद्माबाई बारामतीला परत जाऊन दोघाचौघांशी बोलल्या. मुलीला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. कायद्याला बोट ठेवायला जागा नव्हती. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, ढाल आली ना? आता घरगुती भानगडीत कॉलेजचं नाव नको." गावातल्या एका पुढाऱ्याने तर हसून विचारलं, "लग्नच करतायत ना पोरीचं? विहिरीत तर ढकलत न्हाईत?"

लग्नाला पद्माबाई गेल्या. योगिनी आणि प्रतिक्षाही गेल्या. तिघींना पुढच्या खुर्च्या मिळाल्या. कौसल्याने मुद्दाम दिल्या. अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती सुरू झाल्या, आणि मग नवऱ्याकडच्या बायका ताटात तांदूळ पसरून घेऊन आल्या. हल्ली ही शहरातली रीत गावाकडेही आली होती. नवरा, सिद्धू, हसत पुढे वाकला आणि अंगठीने तांदळात अक्षरं ओढू लागला. कुणीतरी माईकवरून सांगितलं, "नवरीचं नाव आजपासून मनीषा! टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. म्हस्कूआबांनीही वाजवल्या.

पद्माबाई उठून त्यांच्यापाशी गेल्या. "आबा, नाव बदललं. आता चालतं का?"

आबांना प्रश्नातला राग कळला नाही. त्यांना तो साधा प्रश्न वाटला आणि त्यांनी साधंच उत्तर दिलं. "आता ती त्यांची झाली बाई. आता तिला काय बी म्हना. आमच्या पोराला काय व्हत न्हाय."

बोहल्यावर नवरी ताटातल्या अक्षरांकडे बघत होती. योगिनी हळूच तिच्या कानाशी गेली आणि म्हणाली, "सुमे." तिने मान वर केली नाही. बहुतेक ऐकू आलं नसावं. बँड मोठ्याने वाजत होता. की ऐकू आलं होतं, हे योगिनीला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

पुढच्या सोमवारी पुण्यात शिबिर सुरू झालं. पद्माबाईंना तिथे काही काम नव्हतं, तरी त्या गेल्या. सिमेंटचं कोर्ट, काचेचे बोर्ड, रांगेत उभ्या राहिलेल्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या उंच मुली. टेबलामागचा माणूस एकेक नाव घेत होता आणि एकेक मुलगी हात वर करत होती.

"टकले सुमन दादासो."

कुणी हात वर केला नाही.

"सुमन टकले? बारामती?" त्याने मान वर करून पाहिलं. "आली नाही वाटतं."

"तिला येऊ दिलं नाही," पद्माबाई पुढे होऊन म्हणाल्या.

"म्हणजे गैरहजरच ना, मॅडम?"

"नाही. गैरहजर म्हणजे जी स्वतः आली नाही ती. हिला यायचं होतं."

त्याला त्यांची कीव आली असावी. "मॅडम, इथे हजर आणि गैरहजर एवढंच आहे. मी दुसरं काय लिहू?"

मागे चेंडू आपटल्याचे आवाज सुरू झाले. मुली सरावाला लागल्या होत्या. बास्केटखाली एक जागा रिकामी होती आणि ती भरायला कुणीतरी दुसरी धावत गेली. मग पद्माबाईंनी पिशवी खांद्याला लावली आणि स्वारगेटची वाट धरली. पण बारामतीची नव्हे, इंदापूरकडे जाणारी गाडी त्यांनी पकडली. लोणी देवकरला उतरून त्या टकल्यांच्या जावयाच्या दारात उभ्या राहणार होत्या. मनीषा नावाच्या मुलीला तिच्या सासूच्या देखत त्या विचारणार होत्या, तुला खेळायचं आहे का? ते लोक हाकलून देतील, हे त्यांना ठाऊक होतं. दिलं, तर पुन्हा जायचं. कारण त्या घरात आणि बारामती-इंदापूरच्या कितीतरी घरांत हा प्रश्न आजवर एकाही मुलीला कुणी विचारलेला नव्हता.