माशी पुन्हा पानात

माझा नवरा नीलेश मासे कमी पकडतो, केळीची पानं जास्त. सावद्याजवळ तापीच्या काठाला आमची बाग. तिच्याकडे पाठ करून तो एका हाताने फ्लाय रॉड, म्हणजे गळाची लवचीक काठी, घुमवायचा आणि दोरीच्या टोकाची पिसांची खोटी माशी दर वेळी मागच्या पानात अडकायची. महिन्याभरात बारा माशा बागेला वाहिल्या.

मागे जागा नसेल तर स्पे कास्ट नावाची फेक करायची, असं व्हिडिओवाले सांगतात. दोरी मागे न उडवता पाण्यावरूनच ओढून पुढे लोटायची. रविवारी मासेमारी कॅम्पचे प्रेमराज सर परीक्षा घ्यायला येणार होते. जमलं तर कॅम्पच्या पाहुण्यांना मासेमारी शिकवणाऱ्या गाइडची नोकरी, नाहीतर हा परत पुण्याच्या कंपनीत आणि आम्ही सासवा-सुना इथे. मला हसूही यायचं आणि काळजीही वाटायची.

शनिवारी सासूबाई, म्हणजे कुंदाबाई, ठिबकची नळी सरकवत होत्या. लेकाचे हाल त्यांना बघवेनात.

"कारे, एवढी कायची घाई हाये तुले? इकडे पाह्य."

त्यांनी नळी सावकाश आपल्याकडे ओढली, तिचं शेपूट जमिनीला टेकू दिलं, जरा थांबल्या आणि मनगटाला झटका दिला. नळीची कमान रोपावरून अलगद पलीकडे गेली.

नीलेशने दोरीचं टोक तसंच पाण्यावर टेकवलं, थांबला, झटका दिला. माशी थेट नदीत! मी टाळ्या वाजवल्या.

रविवारी पहिले तीन कास्ट देखणे झाले. प्रेमराज सर खूश. "कुणाकडे शिकलात?"

"कुणाकडे नाही. व्हिडिओ बघून, स्वतःच," आमचे साहेब म्हणाले. मला असा राग आला! सासूबाई मागे बसून केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं विळ्याने कापत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

चौथ्या वेळी साहेबांनी ऐटीत जोर लावला, थांबलेच नाहीत. माशी पुन्हा पानात.

सासूबाई उठल्या, विळ्याने पान कापलं आणि माशीसकट लेकाच्या हातात दिलं. "घे. हे नाई दाखोलं का व्हिडिओत?"

नीलेशचे कान लाल झाले. "सर, खोटं बोललो. मायनं शिकवलं."

सरांनी त्याला नोकरीवर घेतलं, पण एका अटीवर. पाहुण्यांचा पहिला तास बागेत, नळीवर.

तो तास सासूबाई घेतात. नळी धरून उभ्या असलेल्या नीलेशकडे बोट दाखवून आधी सांगतात, "हा माहा पह्यला विद्यार्थी. जरा घाईचा हाये."