काकांच्या छातीतून निघाल्यावर

मी एक पेसमेकर. छातीत कातडीखाली बसतो आणि हृदय रेंगाळलं की विजेचा बारीक चिमटा काढून त्याला कामाला लावतो. मला घडवणारी माणसं टोपी-मास्क घालून गप्प काम करायची. माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते काका.

काका घड्याळं दुरुस्त करायचे. एकदा दुकानातच चक्कर येऊन पडले आणि मी त्यांच्या डाव्या खांद्याखाली राहायला आलो. मला किल्ली द्यावी लागत नाही, हे डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं, पण काकांना काही पटेना. रोज सकाळी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली दिली की ते माझ्यावरही बोटाने टकटक करायचे.

"चालू आहे ना?" काकू आतून विचारायच्या.

"चालू आहे," काका म्हणायचे. मग दोघं चहा घ्यायचे.

त्या टकटकीचा मला काडीचा उपयोग नव्हता. तरी मी तिची वाट बघायचो.

एकदा काका म्हणाले, "मी गेल्यावर याला फेकून देऊ नकोस हं. चांगलं यंत्र आहे, कुणाला तरी लागेल."

"सकाळी सकाळी हे काय अभद्र," काकू करवादल्या. पण शब्द दिला.

पुढे काका न्यूमोनियाने गेले. मी शेवटपर्यंत चिमटे काढत राहिलो, पण बाकीचं शरीरच थकलं होतं. मला फार वाईट वाटलं. दहनात माझ्या बॅटरीचा स्फोट होतो, म्हणून मला आधीच काढलं. काकूंनी मला रुमालात गुंडाळून डॉक्टरांपुढे ठेवलं.

"एखाद्या गरिबाला बसवा."

"नाही बसवता येणार, काकू. एकाच्या शरीरातलं यंत्र दुसऱ्या माणसात घालायला कायद्याची परवानगी नाही. त्यातून जंतू शरीरात गेले, मध्येच बंद पडलं, तर जबाबदार कोण?"

"आणि पेसमेकर परवडत नाही म्हणून कुणी मेला, तर त्याला जबाबदार कोण?"

डॉक्टरांनी मला बोटाने उलटसुलट करून पाहिलं. दोघांचंही खरं होतं. मी तर त्या टेबलावर अगदी कानकोंडा झालो.

"माणसात नाही," ते शेवटी म्हणाले, "पण कुत्र्यात चालतं. जनावरांच्या डॉक्टर माझ्या ओळखीच्या आहेत."

काकांचा आणि कुत्र्यांचा छत्तीसाचा आकडा. कुत्रं दिसलं की काका रस्ता बदलायचे. काकूंना रडता रडता हसू फुटलं.

"हे ऐकलं असतं ना, तर उठून बसले असते," त्या म्हणाल्या. "द्या."

आता मी एका बेकरीवाल्याच्या म्हाताऱ्या कुत्रीच्या मानेत असतो; कुत्र्यांना पेसमेकर तिथेच बसवतात. पूर्वी ती चालता चालता कोसळायची. आता पावाच्या गाडीमागे धावते आणि मला दम खाऊ देत नाही.

बाबांनो, कायदा काय तो शहाण्यांनी ठरवावा. तुम्ही एवढंच करा, आपल्यामागे काय करायचं ते जिवंतपणीच घरच्यांना सांगून ठेवा. काकांनी सांगितलं होतं, म्हणून मी आज कचऱ्यात नाही.

परवा सकाळी काकू बेकरीत आल्या. कुत्रीजवळ वाकून त्यांनी तिच्या मानेवर, नेमकं माझ्यावर, बोटाने टकटक केली.

"चालू आहे ना?"

सवयीने त्या उत्तरासाठी थांबल्या. मग त्यांनी तळहात कुत्रीच्या छातीवर ठेवला. आत ठोके पडत होते.

"चालू आहे," काकू स्वतःच म्हणाल्या, आणि बेकरीवाल्याने पुढे केलेला चहा त्यांनी घेतला.