एका दिव्याचा माल

खोकं परत आलं तेव्हा सुखदाने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. कुरुळीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये ते तिसऱ्यांदा परत येत होतं, आणि त्याचं तोंड बघायची इच्छा आता तिला उरली नव्हती.

आत चमचे होते. साधे नव्हेत, हात थरथरणाऱ्या माणसांसाठीचे. दांड्यात बारीक मोटर आणि लिथियम बॅटरी. हात एका बाजूला गेला की मोटर चमच्याला दुसऱ्या बाजूला सावरते आणि घास सांडत नाही. सुखदाच्या धाकट्या भावाने, क्षितिजने, चाकणच्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून हा उद्योग मांडला होता आणि माल पाठवायचं काम ताईच्या गळ्यात मारलं होतं. गिऱ्हाईक सगळं परदेशातलं. हे खोकं डेन्मार्कच्या एका वृद्धाश्रमाचं. तिथल्या बाई प्रत्येक मेलमध्ये लिहायच्या, की आमची माणसं वाट बघतायत. अलीकडे त्या एवढंच लिहायच्या, नमस्कारही गाळून.

चमचा बनवणं सोपं होतं हो, त्याला विमानात बसवणं कठीण. साध्या टपालाने जमणार नाही हे आधीच कळलं होतं. मग कुरिअरचा एजंट गाठला. त्याने बॅटरीच्या चाचणीचा दाखला मागितला, तो मिळवला. पहिल्यांदा खोकं परत आलं, कारण बॅटरीचं लेबल कडेवरून दुमडलं होतं. ते एकाच बाजूवर सपाट बसायला हवं होतं. दुसऱ्यांदा आलं, कारण दांड्याचं बटण वाटेत दाबलं जाऊन चमचा आपोआप सुरू होऊ शकत होता. दर वेळी नियम त्या जाडजूड पुस्तकात कुठेतरी असायचाच, आणि सुखदाने नेमकं तेवढंच पान वाचलेलं नसायचं. बरं, नियम चुकीचे म्हणावेत तर तेही नाही. विमानात बॅटरी पेटली तर काय होतं ते तिलाही समजत होतं. भांडायला समोर एखादा नालायक माणूस असता तरी तिला बरं वाटलं असतं.

या वेळचं कारण मात्र तिच्या डोक्यात तिडीक उठवणारं होतं. कुरिअरवाल्यांची अट अशी, की बॅटरी तीस टक्क्यांच्या वर भरलेली नको. चमच्याच्या दांड्यावर चार बारीक दिवे असतात, त्यातला एकच लागायला हवा. त्यांच्या गोदामातल्या तपासनिसाने दोन-तीन चमचे काढून बटण दाबलं, तर चारही दिवे लखलखले. एजंटने फोनवर अगदी शांतपणे सांगितलं, की उद्या दुपारी गाडी येईल, पण आता एकदा जरी खोकं परत आलं तरी तुमचं खातं बंद. बॅटरीचा माल घेणारा दुसरा कोणी या दोघा भावंडांना दारात उभं करत नव्हता. खातं गेलं की डेन्मार्क गेलं, आणि त्यामागून क्षितिजचा सगळा उद्योग.

एक दिवा तर सुखदाने स्वतः बघितला होता. एकेक चमचा हातात घेऊन. मग रात्रीत बॅटऱ्या भरल्या कोणी?

रुक्मिणीबाईंनी. शेडमध्ये माल बांधायला त्या एकट्याच होत्या, गावातल्याच. सुखदाने विचारल्यावर त्यांनी काही लपवलं नाही. ताई घरी गेल्यावर त्यांनी सगळे चमचे चार्जिंगला लावले होते आणि चारी दिवे लागल्यावरच खोकं बांधलं होतं. एका दिव्यावर माल धाडायचा म्हणजे कंपनी विजेत काटकसर करतेय, असं त्यांना वाटलं होतं.

“रिकामं कुनाला द्यावं व्हय ताई?” त्या म्हणाल्या. “भुकेला मानूस खोकं उघडनार आन् चमचा मुका बसनार. बरं दिसतं का ते?”

सुखदाचा तोल सुटला. ती वाटेल ते बोलली. तुम्हाला अक्कल वापरायला सांगितली नव्हती, सांगितलं तेवढंच करायचं होतं, हेही बोलली.

क्षितिज पुढच्या खेपेसाठी मोटरी बघायला कोइमतूरला गेला होता. त्याने फोनवर कपाळाला हात लावला असणार. बॅटरी दांड्यात सीलबंद, काढता येणार नाही. उतरवायची तर चमचा चालवूनच. सुखदाने एक चमचा घेऊन हात हलवायला सुरुवात केली. मनगट दुखून आलं, तरी चारही दिवे जागच्या जागी. धडधाकट माणसाचं ते सोंग मोटर ओळखायची आणि गप्प बसायची. क्षितिज म्हणाला, ती खऱ्या कंपालाच जागी होते, तसंच तिला शिकवलंय.

“थरथरणारा हात आता कुठून पैदा करू?” सुखदा स्वतःशीच करवादली.

रुक्मिणीबाईंनी पदराला हात पुसले आणि त्या बाहेर गेल्या.

परत आल्या त्या नवऱ्याला घेऊन. चिमाजी एकेकाळी चाकणच्या कारखान्यात घणाच्या खात्यात होता. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो खुर्चीत बसला, तरी ते हात मांडीवर ठरेनात. रुक्मिणीबाईंनी पाण्याचे दोन वाडगे समोर मांडले आणि त्याच्या हातात चमचा दिला. मोटर गुरगुरली आणि चमचा स्थिर झाला. चिमाजी या वाडग्यातलं पाणी त्या वाडग्यात घालू लागला. थेंब सांडला नाही. तो चमच्याकडे बघतच राहिला. तीन दिवे विझले की बायको दुसरा चमचा द्यायची. दिवस मावळेपर्यंत हे चाललं आणि सकाळी येऊन तो पुन्हा बसला. सुखदा लेबलं चिकटवत होती. बाईंशी कालपासून नजरेला नजर देऊन बोलायची तिला लाज वाटत होती.

दुपारी एकच चमचा उरला. रुक्मिणीबाईंनी डबा उघडला आणि आमटीभात कालवून ताट त्याच्यापुढे सरकवलं. चिमाजीने घास उचलला. तोंडापर्यंत नेला. मग दुसरा. सदऱ्यावर एक शीत पडलं नाही. अर्धा भात संपला आणि दांड्यावर एकच दिवा उरला.

रुक्मिणीबाईंनी तो चमचा त्याच्या हातातून हलकेच काढून घेतला, धुतला, कोरडा केला आणि खोक्यातल्या रिकाम्या खाचेत ठेवला.

“इतके दिवस इथे काम करताय,” सुखदा म्हणाली, “एकदा तरी बोलायचं नाही का, बाई?”

“काय बोलनार ताई? तुमीच पयल्या दिशी सांगितलं, ह्यो माल भाईरच्या लोकांचा हाय.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. खोक्यात एक चमचा जरी कमी भरला तरी बॅटऱ्यांची संख्या चुकणार, वजन चुकणार, लेबल खोटं ठरणार आणि खोकं परत येणार. सुखदाला हे पाठ होतं. पुढच्या खेपेतला पहिला चमचा तुमचा, असं ती घाईघाईने म्हणाली, आणि मोटरीच अजून मिळालेल्या नाहीत हे आठवून तिला स्वतःची चीड आली. तिने खोक्याला टेप लावली आणि ते गाडीवाल्याच्या हवाली केलं.

मागे वळली तेव्हा रुक्मिणीबाई उरलेला भात हाताने भरवत होत्या. चिमाजीने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. बाईंनी घास तसाच धरून ठेवला, आणि बऱ्याच वेळाने त्याने तोंड उघडलं.